आगाऊ नोंदवलेला खांदा

शंकेखोर : ३७,५०० रुपये हा आकडा तुम्हाला आठवत असेल. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या प्रगती मैदानावर व्यापार मेळा भरला होता. तिथे अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणाऱ्या मुंबईच्या ‘सुखांत’ या कंपनीनं स्टॉल लावला, त्याचा फोटो देशभर फिरला आणि त्याबरोबर सभासदत्वाची ही रक्कमही. जिवंतपणी भरा, मागचं सगळं आम्ही बघतो. लोकांनी चिकार विनोद केले. मला हसू आलं नाही, कारण त्या यादीतल्या बहुतेक गोष्टींचे पैसे आपण पूर्वीपासून मोजतोच. गुरुजींना दक्षिणा देतो, न्हाव्याला देतो, गाडीवाल्याला देतो, अस्थी घेऊन नाशिकला गेलो की रामकुंडावरही हात खिशात जातोच. माझं घोडं अडलं एका ओळीवर. खांदा द्यायला माणसं, आणि ‘रामनाम सत्य’ म्हणत बरोबर चालायलाही माणसं! (आपल्याकडे ‘श्रीराम जय राम’ म्हणतात, पण ते सोडा.) विधी विकत मिळतो हे ठाऊक होतं. सोबतही विकत मिळते हे नवीन. स्टेशनवर बाटलीतलं पाणी आलं आणि नळ कोरडे पडले, तसं या बाबतीत होऊ नये एवढंच माझं म्हणणं.

कैवारी : तो नळ कुठे चालू आहे तेवढं सांगा, मी पत्ता लिहून घेतो. घोडबंदर रोडला तीस-तीस मजली टॉवर आहेत, इकडे डोंबिवलीला पलावा आहे, कल्याणला खडकपाडा आहे. मंगळवारी सकाळी अकराला पंचविसाव्या मजल्यावर एक गृहस्थ गेले असं धरा. घरात बायको आणि पोळ्या करायला आलेल्या मावशी. मुलगा टोरांटोत, मुलगी बंगळूरला. सोसायटीतले धडधाकट पुरुष सकाळच्या फास्ट लोकलनं केव्हाच गेलेले. त्या घरात पहिला प्रश्न रडण्याचा नसतो, डॉक्टर कुठून आणायचा हा असतो. मृत्यू घरी झाला की कारणाचा दाखला ४-अ नमुन्यात डॉक्टरनं द्यायचा असतो, आणि ज्यानं त्या माणसाला आजारपणात पाहिलेलंच नाही तो डॉक्टर सही कशाला करील? जुन्या फॅमिली डॉक्टरांनी दवाखाना बंद केलेला. मग कुणीतरी म्हणतं, हॉस्पिटलात न्या. तिथे ‘आणण्यापूर्वीच मृत’ असा शेरा पडला की पोलीस, पंचनामा, कदाचित शवविच्छेदनही. स्वतःच्या पलंगावर, म्हातारपणानं, कुणाला त्रास न देता गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन! हे टाळायचं कसं ते माहीत असलेला एक माणूस त्या घटकेला लागतो.

त्यानंतर लिफ्ट. तिरडी लिफ्टमध्ये आडवी मावत नाही. स्ट्रेचरची लिफ्ट असली तर नशीब, नाहीतर चादरीच्या झोळीत किंवा खुर्चीला बांधून खाली आणतात आणि तिरडी पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत बांधतात. बांधता कुणाला येते? दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी. गाठी कशा मारायच्या ते यूट्यूबवर बघणारे मी पाहिलेत. गेटवर शववाहिका आली की रखवालदार ॲपमध्ये नोंद करायला विचारतो : डिलिव्हरी, कॅब की गेस्ट? तुम्ही हसताय, पण त्या पडद्यावर चौथं बटण खरोखरच नसतं. खांदा ही या रांगेतली शेवटची अडचण. आधीच्या डझनभर अडचणी कुणीतरी निस्तरतं, म्हणून लोक पैसे भरतात.

शंकेखोर : त्या डझनभर अडचणी निस्तरणारा एक माणूस आमच्या डोंबिवलीत प्रत्येक आळीत असायचा. त्याला कुणी नेमलेलं नसे. निरोप गेला की बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायचा, बाह्या वर करायचा आणि कामाला लागायचा. स्मशानाच्या वाटेवरच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘एक पूर्ण’ एवढंच म्हणायचा. ती दुकानंही घरचीच, बापलेक चालवणारी. म्हातारा न बोलता बांबू काढून द्यायचा, मुलगा पांढरं कापड मोजून फाडायचा. मडकं, शिंकाळं, गोवऱ्या, कापूर, राळ, तूप, फुलं हे सगळं एका पोत्यात. पैशाचं नंतर बघू. इकडे घरी तो माणूस मयताच्या पायांचे अंगठे बांधायचा, तुळशीपत्र ठेवायचा, बायकांना दर्शन घ्यायला वेळ द्यायचा. किती द्यायचा तेही त्यालाच कळायचं. आणि सगळ्यांत अवघड निर्णयही तोच घ्यायचा : नागपूरहून निघालेल्या बहिणीसाठी थांबायचं की न्यायचं? घरातल्यांची त्या वेळी दोन मतं असतात, पुष्कळदा त्यात जुनी भांडणं वर आलेली असतात. तो म्हणायचा, ‘थांबूया,’ किंवा म्हणायचा, ‘आता नको, उचला.’ लोक ऐकायचे. त्याचा अधिकार कुठून यायचा? उद्या त्याच्याही दारात हीच माणसं यायची होती, त्यातून. तुमच्या कंपनीचा व्यवस्थापक थांबायचं का असं विचारील. थांबा असं सांगणार नाही, कारण ग्राहकाला सांगायची सोय नसते.

कैवारी : त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण त्याच्या मागे कोण उभं होतं तेही बघू. गावगाड्यात मर्तिकाची बातमी परगावी पोचवायचं काम महारांवर होतं, उन्हातान्हात, बदल्यात शिळ्या भाकरीवर. अंत्यविधी सांगणाऱ्या किरवंतांकडून विधी करून घ्यायचे आणि लग्नकार्यात त्यांना पंगतीबाहेर ठेवायचं. ब्राह्मणांनीच ब्राह्मणांना असं वागवलं. प्रेमानंद गज्वींना त्यावर ‘किरवंत’ लिहावंसं वाटलं ते उगाच नाही. स्मशानात राहणारे मसणजोगी तर आपण मोजतही नव्हतो. किती गावांत जातीजातीची मसणवट वेगळी आहे, आजही! म्हणजे तुमच्या आळीतल्या त्या सज्जन गृहस्थाला सोबत फुकट देता येत होती, कारण खालची कामं दुसऱ्या कुणाच्या तरी जन्माला चिकटवलेली होती. आणि बायका? त्या दारापर्यंत. कंपनीकडे तीच कामं पगारावर होतात, नेमणूकपत्र असतं, नको तेव्हा सोडता येतात. खांदा मुलीनं दिला तर व्यवस्थापक भुवई उंचावत नाही. तुम्ही ज्याला अधिकार म्हणता तो नसण्याचा एवढा फायदा तरी मान्य करा.

शंकेखोर : मान्य. पण गणवेश चढवला की कामाची जात गेली असं मी धरून चालत नाही. त्या गणवेशात कुणाची मुलं आहेत ते एकदा विचारून पाहा.

कैवारी : विचारायलाच हवं. पण हात पैशाचे म्हणून सोबत खोटी, हे तरी सोडा. पारशी ठाण्यात कितीतरी पिढ्या राहताहेत. त्यांच्यात प्रेत उचलायला घरचे कधीच नसतात. नसेसालार आणि खांधिये उचलतात आणि ते पगारी असतात. घरचे पांढऱ्या कपड्यांत, जोडीजोडीनं, मधे रुमाल धरून अंतर ठेवून मागून चालतात. मुंबईत, वसईत ख्रिस्ती वस्त्यांमध्ये शवपेटी करण्यापासून दफनापर्यंत सगळी व्यवस्था पाहणारी घराणी आहेत. आजोबांचा धंदा नातू चालवतो आणि गावातल्या प्रत्येक घरातल्या किती पिढ्या आपण पोचवल्या ते त्याला तोंडपाठ असतं. या माणसांचं दुःख आपल्यापेक्षा पातळ आहे असं म्हणायची तुमची छाती आहे का?

शंकेखोर : नाही. पण तुम्ही दोन वेगळी उदाहरणं एका माळेत ओवलीत. खांधियांना त्यांच्याच समाजानं शतकभर हात अंतरावर ठेवलं, म्हणजे ते उदाहरण तुमच्या किरवंतांच्या बाजूला जातं. वसईचं घराणं मात्र मला पटतं, आणि का पटतं तेही सांगतो. त्या नातवाला पळून जाता येत नाही. त्यानं एका घरी जास्त पैसे उकळले तर रविवारी चर्चमध्ये त्याच घराच्या शेजारी बसायचं असतं. तो धंदा करतो, पण गावाच्या नजरेखाली करतो. स्मशानाजवळचा आमचा बापलेकांचा दुकानदार तसाच. कंपनीवर कुणाची नजर आहे? अमेरिकेकडे बघा. तिथला हा धंदा वाढला तो १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धातून. पडलेल्या सैनिकांचे देह दूरवरच्या घरी धाडायचे म्हणून त्यांना रसायनं भरायला लागले, मग तीच रीत झाली, आणि शंभर वर्षांत त्याचा एवढा बाजार झाला की १९६३ मध्ये जेसिका मिटफर्डनं अख्खं पुस्तक लिहून त्याची लक्तरं काढली. १९८४ पासून तिथे नियम आहे : प्रत्येक गोष्टीची किंमत वेगवेगळी लिहून हातात द्यायची, ग्राहकाला नको ते गळ्यात बांधायचं नाही. आपल्याकडे या धंद्याला असा खास नियम नाही. आपला कायदा याला धंदाच मानत नाही. जीएसटीच्या कायद्यात अंत्यसंस्कार, दफन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक ही सेवाच नव्हे असं परिशिष्टात लिहून ठेवलंय.

कैवारी : ते तर चांगलं आहे. निदान मेल्यावर तरी कर नाही.

शंकेखोर : चांगलं आहेच. पण त्यात कंपनीला दोन्ही बाजूंनी फावतं. कर घ्यायच्या वेळी ती सेवा नाही, आणि सभासदत्व विकायच्या वेळी ती सेवा आहे. आता हिशेब करू. ६५ व्या वर्षी एकानं ३७,५०० भरले आणि तो ८५ पर्यंत जगला. बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वीस वर्षांत त्याचे १,४५,००० झाले असते. इकडे महापालिकेच्या स्मशानात खर्च तुलनेनं किरकोळ. मुंबई महापालिका तर लाकडंही फुकट देते, आणि एका देहाला साधारण ३०० किलो लागतात.

कैवारी : वीस वर्षांत बांबू, गाडी, गुरुजी, पगार हे सगळं त्याच सात टक्क्यांनी महागलेलं असेल. तेव्हा तुमचा दीड लाख आणि माझे आजचे ३७,५०० एकाच मापाचे. आणि माणूस व्याजासाठी थोडाच भरतो? बायकोला त्या सकाळी फक्त एक नंबर फिरवावा लागावा म्हणून भरतो.

शंकेखोर : हिशेबातलं खरं गाळात रुतलेलं कलम व्याजाचं नाहीच. वीस वर्षांनी कंपनी असेल का? असली, तर बोललेलं करील का? आणि नाही केलं तर तक्रार कोण करणार? जगातल्या सगळ्या कंत्राटांमध्ये एवढं एकच असं आहे की माल मिळायच्या दिवशी गिऱ्हाईक हजर असतं आणि तरी त्याला बघता येत नाही.

कैवारी : हे बोचरं आहे, आणि याचं उत्तर माझ्याकडे या घटकेला नाही. पण म्हणून माणसानं आपल्या मरणाची आखणीच करू नये असं ठरत नाही. आपल्याकडे ती करणारे बाहेरून आलेले नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझा देह दहन करू नका, मिठात घालून पुरा. सावरकरांनी तर १९६६ साली जाण्यापूर्वी सगळं स्पष्ट सांगून ठेवलं : श्राद्ध-पिंड काही नको, विद्युतदाहिनी हवी, आणि देह माणसांच्या खांद्यावरून किंवा जनावरांच्या गाडीतून न्यायचा नाही, यांत्रिक वाहनातून न्यायचा. म्हणजे ज्या खांद्यावर आपण इतका वेळ अडलोय तो नाकारणारा माणूस याच मुलखातला. त्यांना कुणी बाजारू म्हणालं नाही.

शंकेखोर : दोघांनीही रूढीशी भांडण म्हणून ते केलं, गैरसोय टाळायला नाही. आणि फुल्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं तुमचं. नोव्हेंबर १८९० मध्ये ते गेले. राहत्या वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेत ते स्वतः सभासद म्हणून बसले होते, तिनंच! शेवटी दहन करावं लागलं. टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, कुणी धरायचं यावर भाऊबंद अडून बसले, मुलगा यशवंत दत्तक म्हणून. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवं धरलं आणि अग्नीही दिला. आखणी सगळी मोडली. आज आपल्याला त्या दिवसातलं आठवतं ते मिठाचं कलम नाही. न आखलेली गोष्ट आठवते.

कैवारी : सावित्रीबाई प्रत्येकाच्या घरात नसतात हो.

शंकेखोर : म्हणून आपण कंपनी काढायची?

कैवारी : कुणीतरी माहितगार असावा, मग त्याला कंपनी म्हणा की आणखी काही. तुम्हाला आपल्याच भागातलं उदाहरण देतो. साताऱ्या-सांगलीकडून फौजेत जाऊन, निवृत्तीनंतर बँकेत किंवा कारखान्याच्या गेटवर दुसरी नोकरी धरून कल्याण-डोंबिवलीत, पुढे बदलापूरपर्यंत राहिलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा, १९७१ ला लढलेला, ऐंशी ओलांडून घरीच जातो. मुलाच्या डोळ्यांपुढे मेजर कौस्तुभ राणे यांची अंत्ययात्रा असते. ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझला त्यांना वीरमरण आलं, मीरा रोडला लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले, सगळं शहर रस्त्यावर होतं. मुलाला वाटतं, माझा बापही सैनिकच होता. तो दुकानातून तिरंगा आणतो आणि तिरडीवर पांघरतो. भावना सोन्यासारखी, पण कायद्यात तो गुन्हा बसतो. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाबद्दलचा कायदा, तोही १९७१ चाच, असं सांगतो की शासकीय, सैन्यदलांच्या किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्काराखेरीज ध्वज असा पांघरता येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जिथे पांघरायचा तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे, आणि ध्वज चितेत जळू द्यायचा नाही, थडग्यात उतरू द्यायचा नाही. हे त्या मुलाला त्या सकाळी कोण सांगणार? जाणता व्यवस्थापक पहिल्यांदा डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र मागेल, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला फोन लावेल, जवळच्या लष्करी ठाण्याला कळवेल. पदकं शोधायला लावेल. काय मिळेल, पुष्पचक्र की सलामी की काहीच नाही, ते लष्करवाले ठरवतील. पण निदान विचारलं तरी गेलं. आणि दाखल्याच्या जादा प्रती आजच काढा हेही सांगेल, कारण आईचं कुटुंब निवृत्तिवेतन त्या कागदावर सुरू व्हायचं असतं.

शंकेखोर : अहो, पण इथेच तुमचं दुकान संपतं! बिगूल विकत मिळत नाही. ध्वज विकत मिळतो, पण पांघरण्याचा हक्क मिळत नाही. ३७,५०० च्या जागी ३७ लाख टाका, बंदुका उलट्या करून मान खाली घालणारे जवान तुम्हाला त्या भावात मिळणार नाहीत. आणि मिळत नाहीत म्हणूनच त्याला मोल आहे. माझं म्हणणं पहिल्यापासून तेच होतं, फक्त मी खांद्याबद्दल म्हणत होतो.

कैवारी : थांबा, घाई करू नका. तो बिगूल वाजवणारा जवान पगारी आहे. त्यानं गेलेल्या माणसाला कधी पाहिलेलंही नाही. ड्युटी लागली म्हणून आला, संपली की ट्रकमध्ये बसून जाईल. तरी त्याच्या ‘लास्ट पोस्ट’च्या सुरांनी तुमच्या अंगावर काटा येतो, आणि माझ्या कंपनीतल्या मुलानं खांदा दिला तर तुम्हाला ते नाटक वाटतं. पगार, अनोळखी असणं, ड्युटी, सगळं सारखं. मग फरक कशात आहे?

(इथे दोघंही बराच वेळ गप्प होते. लिहिणाऱ्यानं मधे पडू नये हे खरं, पण हा प्रश्न विचारला गेला नसता तर एवढी शाई वाया गेली असती असं मला वाटतं.)

शंकेखोर : फरक असा. तो जवान स्वतःसाठी उभा नसतो आणि घरच्यांच्या वतीनंही उभा नसतो. ज्या फौजेनं त्या माणसाची पंधरा-वीस वर्षं घेतली तिच्या वतीनं उभा असतो. तिचं देणं लागतं, ते फेडायला तो येतो. माजी सैनिकांच्या संघटनेतले म्हातारे बेरेट आणि पदकं लावून येतात, गुडघे दुखत असले तरी दहा पावलं खांदा देतात, तेही तसंच. आळीतला तो बँकवाला माणूस आळीच्या वतीनं यायचा. तुमच्या कंपनीतला मुलगा कुणाच्या वतीनं उभा आहे?

कैवारी : ज्यानं पैसे भरले त्याच्या.

शंकेखोर : म्हणजे कुणाच्या? मुलानं टोरांटोहून भरले तर मुलाच्या वतीनं. ते मी समजू शकतो. मुलाला विमान मिळालं नाही, त्यानं चार खांदे धाडले. मयतानंच भरले असतील, तर स्वतःच्या प्रेताला स्वतःच्याच वतीनं खांदा! हे माझ्या डोक्यात बसत नाही.

कैवारी : माझ्या डोक्यात उलटं आहे. मुलानं भरले तर त्यात सुटका करून घेण्याचा वास येतो, कितीही प्रेमानं भरले तरी. मयतानं भरले तर त्यात मला मान दिसतो. मी कुणावर ओझं होणार नाही, माझं मी बघून ठेवलंय. आपल्या डोंबिवलीचं दधिची देहदान मंडळ त्याच वळणाचं काम करतं. फॉर्म भरतो तो माणूस जिवंतपणी, आणि पुढे देह कळव्यासारख्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांच्या टेबलावर जातो. तिथे खांदाही नाही आणि बिगूलही नाही, तरी कुणाला ते एकाकी वाटत नाही.

शंकेखोर : तिथेही नातेवाइकांनी वेळेत फोन केला नाही तर फॉर्म कपाटातच राहतो. फुल्यांचं मीठच ते. आता मुंब्र्यातल्या एखाद्या मौलवींना विचारा. जनाज्याचं काम ते साऱ्या वस्तीवरचं कर्ज मानतात. काहींनी केलं तर सगळे सुटले, कुणीच केलं नाही तर सगळे दोषी. माझी भीती नेमकी ती आहे. कंपनीनं केलं की आपण सगळे सुटलो. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चिन्हं टाकली की पुरे.

कैवारी : ती चिन्हं कंपनी यायच्या आधीपासून पडताहेत. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेलेले आपले डोंबिवलीचे तिघे परत आले, तेव्हा २३ एप्रिल २०२५ ला भागशाळा मैदानात माणसांचा पूर लोटला होता, तो तुम्ही पाहिलात, मीही पाहिला. शहराला कर्ज आठवतं, पण अशा वेळी. एरवी एखादी म्हातारी हृदयविकारानं गेली, तर त्याच मैदानाशेजारच्या इमारतीत चार माणसं जमायला तीन तास लागतात. २०२० आणि २१ मध्ये करोनाच्या साथीत आपण सगळ्यांनी पाहिलं की पालिकेचे कर्मचारी प्लास्टिकचे झगे घालून अनोळखी देह उचलत होते. ते कुणाच्या वतीनं उभे होते?

शंकेखोर : शहराच्या. निदान मला तेव्हा तसं वाटलं. आणि म्हणून माझा प्रश्न तुमच्या कंपनीला कमी आणि पालिकेला जास्त आहे. दहनाची भट्टी नागरिकाचा हक्क म्हणून मिळते, मग चार माणसं, एक जाणता आणि वेळेवर गाडी हक्कानं का मिळू नये?

कैवारी : वेळेवर गाडी म्हणालात? ज्या पालिकेची शववाहिका कधी येणार ते चालकालाही ठाऊक नसतं, तिच्या भरवशावर तुम्ही मला पंचविसाव्या मजल्यावर तिष्ठत ठेवणार. पालिका सुधारेपर्यंत माणसं मरायची थांबणार नाहीत. मी एवढं मान्य करतो की माझ्या कंत्राटाला बघणारं कुणी नाही. उद्या माझ्या हातात असलं तर सभासदत्वाच्या अर्जावर एक रकाना वाढवीन : साक्षीदार. नातेवाईक नको, त्याच इमारतीतला शेजारी हवा. त्यानं फक्त हजर राहायचं, यादीतलं सगळं झालं का बघायचं आणि सही करायची. त्याच्या सहीशिवाय कंपनीला शेवटचा हप्ता मिळणार नाही.

शंकेखोर : म्हणजे फिरून तुम्हाला माझा बँकवाला लागलाच.

कैवारी : एका सहीपुरता. बाह्या वर न करता.

शंकेखोर : सही करायला खाली उतरला की तो बाह्या वर करील, निदान अडलेल्या गाठीला हात लावील, अशी मला आशा आहे. तुम्हाला नसेल. पण माझी अडचण निराळी आहे. इथे निम्मे फ्लॅट भाड्याचे, दर अकरा महिन्यांनी करार. वीस वर्षांनंतरच्या मंगळवारसाठी त्या रकान्यात आज तुम्ही कुणाचं नाव लिहून घेणार?

कैवारी : नाव लिहिणार नाही. फ्लॅट नंबर लिहीन. तिथे जो राहत असेल तो.

शंकेखोर : आणि त्यानं दार उघडलं नाही तर?